मताचा फळा

कल्याणात पारनाक्याच्या पलीकडे, शेणाळ्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर गावातल्या चार शहाण्यासुरत्या माणसांनी चालवलेली एक शाळा होती. विश्राम नाथा म्हात्रे हा मास्तर तिथे अठराशे शहात्तर सालापासून मराठी आणि अंकगणित शिकवी. अंगाने किडकिडीत, रंगाने सावळा, आणि डोक्यावरचे पागोटे असे की एक वेढा कमी पडला आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. जातीचा आगरी. बाप नाथा ठाण्याच्या खाडीकाठी, कळव्याच्या खालच्या अंगाला मिठागरात राबत असे. मिठाच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने कंटाळा घालवण्यासाठी मिठागराच्या ओल्या चिखलात काठीने अक्षरे काढून लहानग्या विश्रामला बाराखडी शिकवली होती. भरती आली की धडा पुसला जाई, म्हणून त्याने सगळे पाठच करून टाकले. पुढे ठाण्याची शाळा, मग पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, आणि मग ही नोकरी.

पहिल्याच महिन्यात वर्गात शिरताना त्याला फळ्यावर एक चित्र दिसले. मिठाचे पोते, पोत्याला पागोटे, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘खारट मास्तरचे मिठ’. बाके गच्च भरलेली, सगळ्यांच्या माना खाली. विश्रामने चित्र नीट न्याहाळले, खडू उचलला, ‘मिठ’मधली ऱ्हस्व वेलांटी पुसून दीर्घ काढली आणि म्हणाला, “चित्र बरं आहे. शब्द चुकला. मीठ. मि नव्हे रे, मी. दीर्घ मी.” वर्ग खो खो हसला. त्या हसण्यात तोही मिसळला. चित्र दिवसभर तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी कुणी नवे काढले नाही.

त्या दिवसापासून त्याच्या मनाने एक गोष्ट घट्ट धरली. बोलणाऱ्याला बोलू द्यावे. बोललेले झोंबले तर आपणही बोलावे. तोंड दाबायला जाऊ नये. त्यात सरकारने देशी वर्तमानपत्रांवर कायदा बसवला, आणि चार वर्षे हेडमास्तर परशुरामपंत आणि विश्राम मधल्या सुट्टीत त्याविषयी हळू आवाजात चडफडत राहिले. परशुरामपंत पुण्याचे, वाचनाचा नाद असलेले, स्वभावाने मऊ. ब्याऐंशी साली तो कायदा उठला तेव्हा त्यांनी शिक्षकांना पेढे वाटले. पेढा हातात धरूनच विश्राम म्हणाला, “पंत, सरकारनं छापखान्यांची तोंडं सोडली. आपण पोरांची सोडू या का?”

असा तो मताचा फळा जन्माला आला. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर, दोन खिळ्यांवर टांगलेली सागवानी फळी. शाळेतल्या कोणाही मुलाने आपले मत कागदावर लिहून किंवा काढून खळीने तिथे डकवावे, खाली नाव घालावे. ज्याला पटणार नाही त्याने शेजारी उत्तर डकवावे. आठ दिवस कोणी कागदाला हात लावायचा नाही, मास्तरानेसुद्धा नाही.

फळ्यावर काय काय आले! पोरवयातल्या लग्नांवर आले, इंग्रजी चहावर आले, संस्कृत घोकण्यावर आले. एकदा एका अंमलदाराचे चित्र आले. गावच्या विहिरी आटलेल्या असताना साहेबाच्या घोड्याची वाट धुळीने मळू नये म्हणून त्यांनी रस्त्यावर पाणी शिंपडवले होते. चित्रात अंमलदार घोड्याच्या डोक्यावर छत्री धरून शेजारी उभे होते आणि घोडा त्यांच्याकडे कीव आल्यासारखा पाहत होता. दुसऱ्या दिवशी शिपाई आला, कागद काढा म्हणाला. विश्राम फळ्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला. “अंमलदारसाहेबांना म्हणावं, उत्तराचा कागद पाठवा. खळ आमची.” शिपाई परत गेला. चित्र आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत विश्राम मास्तर गावाला ठाऊक झाला; पारनाक्यावर लोक थांबून त्याला रामराम करू लागले.

ते चित्र मोरेश्वर नावाच्या मुलाने काढले होते. तो गावातल्या नामांकित वकिलाचा धाकटा मुलगा, वय सतराचे, अक्षर मोत्यासारखे, वाद घालायला सदा तयार. विश्रामचा लाडका विद्यार्थी कोण, असे विचारले असते तर शाळेतले कोणीही मोरेश्वरचेच नाव घेतले असते.

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात शाळेत राघो आला. वय बारा. बाप गणू, जातीने महार, कल्याण स्टेशनाजवळ इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा भरायच्या कामावर होता. शाळेला सरकारी मदत मिळत होती, आणि खात्याचे पत्र स्पष्ट होते, की जातीवरून मुलाला परत पाठवता येणार नाही. कमिटीने पत्र मानले आणि वाट काढली. राघोने वर्गात यायचे नाही, दारालगत व्हरांड्यात बसायचे, बसायला घरून तरट आणायचे. शिकवणे दारातून ऐकू येतेच.

विश्रामने यावर काही म्हटले नाही. गणित शिकवताना तो दाराजवळ उभा राही आणि जरा मोठ्याने बोले, एवढेच. राघो पाटीवर उदाहरण सोडवून पाटी उंबऱ्याशी ठेवी, चार पावले मागे सरे, मग विश्राम वाकून पाटी पाही. मुलगा तल्लख होता. व्यवहारी अपूर्णांक त्याने तीन आठवड्यांत संपवले. आपण या मुलासाठी पुष्कळ करतो आहोत असे विश्रामला वाटे, आणि वाटून बरे वाटे. आपल्यालाही लहानपणी कोणीतरी चिखलात अक्षरे काढून दिली होती, तसेच हे.

माघातल्या एका सोमवारी विश्राम शाळेत आला तेव्हा व्हरांड्यात पोरांची दाटी होती. तो दिसताच दाटी दुभंगली. फळ्याच्या उजव्या खिळ्याला काळ्या दोऱ्याने एक गाडगे टांगले होते. डाव्या खिळ्याला एक खराटा. मध्ये कागद, मोत्यासारख्या अक्षरात: ‘जुनी रीत शहाणपणाची होती. ती मोडून कोणाचे भले होणार, ते सांगावे.’ खाली नाव, मोरेश्वर.

गाडगे आणि खराटा म्हणजे काय, हे तिथल्या सर्वांत लहान मुलालाही सांगावे लागले नसते. पेशवाईत महाराने पुण्याच्या रस्त्याने जाताना गळ्यात गाडगे बांधायचे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आणि मागे खराटा, आपली पावले आपणच पुसली जावीत म्हणून. हे घराघरांत सांगितले जात होते. कुठे हळहळून, कुठे नुसतेच, पूर्वी पाऊस वेळेवर पडत असे हे सांगावे तसे.

राघो आला. त्याने वर पाहिले. मग फळ्याखालची आपली जागा पाहिली, कारण तो फळा आणि त्याचे तरट एकाच भिंतीशी होते. त्याने तरट अंथरले आणि गाडग्याखाली बसला.

पोरे विश्रामच्या तोंडाकडे पाहत होती. हात वर करून दोरा तोडायला पळभरही लागले नसते. पण हात वर जाईना. खाली नाव आहे, शेजारी उत्तराला जागा आहे, आठ दिवस पुरे व्हायचे आहेत. सगळे नियम त्याचेच.

मोरेश्वर पुढे आला. उद्धटपणे नाही, अगदी आदबीने. “मास्तर, अंमलदारांच्या चित्राला तुम्ही हात लावू दिला नाहीत. म्हणालात, झोंबलं तर उत्तर द्या. हे मलाही लागू आहे ना?”

“आहे,” विश्राम म्हणाला. “उत्तर मी देईन.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो घरी जाऊन लिहायला बसला. बायको ठमाबाई भाकरी थापत होती. तिने तीनदा जेवायला हाक मारली तरी तो उठला नाही. चांगले दोन पानी उत्तर झाले. जुनी रीत कोणाच्या शहाणपणाची, आणि कोणाच्या मानेवर? मंगळवारी सकाळी त्याने ते कागदाशेजारी डकवले. पोरांनी वाचले. दोघे-तिघे म्हणाले, मास्तर, फार छान लिहिलंत. मोरेश्वरनेही वाचले आणि म्हणाला, भाषा सुंदर आहे. गाडगे तिथेच होते.

मंगळवारी दुपारी खालच्या वर्गातल्या पोरांनी आपापले खराटे आणले. मोठ्यांचा खेळ पाहिला की धाकट्यांना तो हवाच असतो. एक खराटा राघोच्या तरटावर सापडला, एक त्याच्या पाटीवर. एकाने गाडगे आता रिकामे का ठेवायचे, असे म्हणून त्यात थुंकून दाखवले. यातल्या एकाही गोष्टीखाली कोणाचे नाव नव्हते.

बुधवारी राघो आला नाही.

बुधवारचा दिवस विश्रामला खायला उठला. गणिताला तो सवयीने दाराशी जाऊन मोठ्याने बोलत होता, आणि बाहेर ऐकायला कोणी नव्हते. शाळा सुटली तशी तो घराकडे न वळता स्टेशनच्या बाजूला चालू लागला. शेडच्या मागे रुळांना लागून कामगारांच्या झोपड्या होत्या. त्यांतल्या पार शेवटच्या चार महारांच्या. कल्याणात आठ वर्षे काढूनही त्याचे पाऊल कधी इकडे पडले नव्हते.

गणू दारात बसला होता, कोळशाने काळा झालेला, नुकताच कामावरून आलेला. मास्तरांना पाहताच तो धडपडून उठला आणि दूर सरला. “जोहार, मास्तर. तुम्ही इथं कशापायी आलात? निरोप धाडायचा.”

“राघो का आला नाही?”

“पोट दुखतं म्हणाला.”

राघो आत होता. दारातून त्याचे पाय दिसत होते. विश्राम उभाच राहिला. बसा म्हणण्याची गणूची हिंमत नव्हती आणि बसावे की नाही हे विश्रामला ठरवता येत नव्हते. पाणी कोणी विचारले नाही. विचारले असते तर आपण काय केले असते, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला सारला.

“गणू, मी उत्तर लिहिलंय. फळ्यावर आहे. चांगलं दोन पानी.”

“पोरगं म्हणालं. चांगलं लिवलंय म्हणालं.” गणूने खाली पाहत हाताचा कोळसा चोळला. “मास्तर, मला लिवणं वाचणं येत नाही. चुकलं तर पोटात घाला. माझ्या आज्यानं ते गळ्यात बांधलेलं. पुण्यात. त्यानं माझ्या बापाला सांगितलं, बापानं मला. दोरा मानेला काचायचा आणि उन्हात आतला वास वर यायचा. मी पोराला हे सांगितलेलं नव्हतं. म्हणलं, आगगाडीच्या गावात आलो, आता कशाला सांगायचं. ते त्याला तुमच्या शाळेत कळलं.”

विश्रामने दारातून दिसणाऱ्या त्या पायांकडे पाहिले.

“अंमलदारसाहेबाचं चित्र काढलं होतं म्हणे पोरांनी. आम्हीबी हसलो, शेडमध्ये. पण साहेब ते बघून कचेरीत जाऊन खुर्चीत बसला असेल. माझं पोरगं तिथंच, त्याच्या खालीच बसतं. तेवढीच जागा दिली आहे त्याला.”

“मी काढून टाकू का ते?”

“मी काढा म्हणणार नाही,” गणू घाईने म्हणाला. “महारानं काढायला लावलं असं व्हायला नको. आम्हाला इथं राहायचंय.”

आतून राघो बोलला. दिसत नव्हता, नुसता आवाज. “मास्तर, शाळेतल्या कोणाही मुलानं, असं आहे ना नियमात?”

“आहे.”

“मी आहे का शाळेतला?”

फळा उभारला तेव्हा ‘कोणाही मुलाने’ हे शब्द विश्रामनेच लिहिले होते, आणि लिहिताना राघोसारखा कोणी त्याच्या डोळ्यांपुढे नव्हताच. राघोने फळ्याला हात लावला तर ती फळी विटाळली म्हणून काढून जाळतील. म्हणजे ज्याच्यावर बोलले जात होते त्याला सोडून सगळ्यांना उत्तर देण्याची मुभा होती. आणि विश्रामचे दोन पानी सुंदर उत्तर म्हणजे काय, तर ज्याला बोलता येते अशा एकाने तसल्याच दुसऱ्याला घातलेली साद.

“आहेस,” तो शेवटी म्हणाला. “उद्या ये. काय लिहायचं ते लिहून आण. खळ मी देतो.”

घरी ठमाबाईने कुठे गेला होता ते विचारले. त्याने सांगितले. तिने काही न बोलता चुलीवर पाणी तापत ठेवले, आणि तो मुकाट्याने अंघोळीला गेला. अंगावर पाणी घेताना त्याला स्वतःचीच शरम वाटली, पण त्याने अंघोळ केली. हे त्याने पुढे कधी कोणापासून लपवले नाही.

गुरुवारी तो सर्वांच्या आधी शाळेत गेला, पण एकटा असताना त्याने फळ्याला हात लावला नाही. मुले जमू दिली, मोरेश्वर येऊ दिला. मग त्याने गाडगे उतरवले, खराटा उतरवला, दोन्ही वस्तू जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाला, “कागद राहील. आठ दिवस पुरे होईपर्यंत राहील. हे राहणार नाही.”

मोरेश्वर लालबुंद झाला. “मग अंमलदारांचं चित्र का राहिलं? फरक सांगा, मास्तर. नाहीतर म्हणा, की जे तुम्हाला आवडतं ते राहतं.”

“फरक आहे,” विश्राम म्हणाला. त्याचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, अडखळत होता. “मला तो तुझ्याइतका मुद्देसूद मांडता येणार नाही. तू कागदावर लिहिलंस, जुनी रीत चांगली. ते मत आहे. ते चूक आहे, पण मत आहे. मी त्याच्याशी भांडेन. गाडगं कोणाशी भांडत नाही रे. ते ज्याच्या डोक्यावर टांगलं त्याला एवढंच सांगतं, की तू इथून जा. आणि बुधवारी तो गेला. अंमलदारांना चित्रापायी कुठे जावं लागलं होतं?”

“तो गेला यात माझा काय दोष? मी त्याला जा म्हटलं नाही.”

“खराटा तुझ्या पाटीवर ठेवला असता तर तू काय समजला असतास?”

तेवढ्यात राघो आला. हातात घडी केलेला कागद. विश्रामने खळीची वाटी उंबऱ्यावर ठेवली. राघोने सगळ्यांकडे पाहिले, वाटीत बोट घातले आणि स्वतःच्या हाताने, टाचा उंच करून, कागद फळ्यावर डकवला. तो वाकडा लागला. कोणीतरी “शिवला, शिवला!” म्हणून ओरडले. तीनचार मुले दप्तरे उचलून पळाली ती थेट घरी.

कागदावर पाच ओळी होत्या.

‘माझ्या बापाच्या आज्याच्या गळ्यात गाडगे होते. तो बोलत नसे, कारण तोंडापुढे गाडगे असे. मी व्यवहारी अपूर्णांक शिकलो. आता त्रैराशिक शिकतो आहे. जुनी रीत चांगली म्हणणाऱ्याने गाडगे आठ दिवस स्वतः बांधून पाहावे आणि मग मत लिहावे. राघो गणू.’

मोरेश्वरने तो कागद वाचला. पुन्हा वाचला. मग वर्गात जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी निम्मी बाके रिकामी होती. रविवारी कमिटी बसली. विश्रामला बोलावणे आले. मोरेश्वरचे वडील, वकीलसाहेब, कमिटीवर होते. ते ओरडतील अशी विश्रामची अपेक्षा होती. ते अतिशय शांतपणे बोलले.

“मास्तर, मी गाडग्याची तरफदारी करत नाही. मुलाला मी घरी बोललो आहे. पण वकील म्हणून विचारतो. आज तुम्ही म्हणालात, कागद मत आहे आणि गाडगं मत नाही. उद्या दुसरा मास्तर येईल. त्याला विधवाविवाहाचा कागद झोंबेल. तो म्हणेल, हे मत नव्हे, हा धर्माचा अपमान, उतरवा. त्याला कुठल्या तोंडानं अडवाल? अपमान म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला, की तो हात तुमचाच राहील कशावरून?”

विश्रामने पुष्कळ विचार केला. “तुमचं भय खरं आहे, साहेब. मलाही ते वाटतं. म्हणूनच मी तीन दिवस हात लावला नाही. पण त्या तीन दिवसांत मी काहीच ठरवलं नाही असं नाही. राघोनं घरी बसायचं, हे ठरलंच की. न बोलता ठरलं, एवढंच.”

वकीलसाहेबांनी मान किंचित हलवली, होकाराची की नुसती ऐकल्याची, ते कळले नाही. मग परशुरामपंत खाकरले. ज्यांनी पेढे वाटले होते तेच ते परशुरामपंत. ते म्हणाले, “मला वाटतं, मूळ कारण तो फळाच. फळाच नको. म्हणजे कोणाला झोंबायला नको आणि कोणी उतरवायलाही नको.” सगळ्यांना एकदम हायसे वाटले. ठराव झाला. त्याबरोबर असेही ठरले, की विश्राम मास्तरांनी पुढच्या वर्षासाठी दुसरीकडे पाहावे. शाळेवरचा रोष कमी होण्यास बरे पडेल.

सोमवारी फळी निघाली. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. राघोचा कागद, मोरेश्वरचा कागद आणि विश्रामचे दोन पानी उत्तर, तिन्ही एकदमच खरवडले गेले.

नोकरीचे शेवटचे दिवस होते तेव्हा एका संध्याकाळी मोरेश्वर काळे पडत चाललेल्या तळ्याकाठी विश्रामला गाठून म्हणाला, “मास्तर, तुम्ही गाडगं उतरवायला नको होतं असं मला अजून वाटतं. तुम्ही ते राहू दिलं असतंत, तर कधीतरी मीच उतरवलं असतं.”

“कधी?”

“ते सांगता येत नाही,” मोरेश्वर म्हणाला. “त्याच्या कागदाला मी उत्तर लिहायला बसलो होतो. दोनदा बसलो. जमलं नाही.”

विश्रामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. याहून जास्त त्या दोघांत बोलणे झाले नाही. मोरेश्वर त्याच वर्षी शिकायला मुंबईला गेला.

राघो कल्याणच्या शाळेत आणखी पाच महिने टिकला. त्याच जागी, त्याच तरटावर, नव्या मास्तरांच्या आवाजाकडे कान लावून. मग गणूची बदली इगतपुरीला झाली आणि तिथे मिशनच्या शाळेत तो बाकावर बसू लागला, असे गणूने एका ओळखीच्या माणसाकडून कळवले. पुढचे विश्रामला कळले नाही. कळावे म्हणून त्याने एकदा पत्र घातले. उत्तर आले नाही.

विश्रामला मोहन्याच्या लहानशा शाळेत जागा मिळाली. पगार कमी, पोरे वीस-बावीस, शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. गाव कल्याणापासून पायी तासाभराच्या अंतरावर, उल्हास नदीच्या काठी. तिथल्या महारवाड्यातली दोन मुले शाळेत होती. पहिल्या दिवशी ती पडवीत बसली होती, बाकीची आत. विश्रामने खोलीची जमीन हाताने चाचपली, ओल आहे म्हणाला, आणि सगळ्या शाळेला पडवीत आणून बसवले. तसे इन्स्पेक्टरलाही लिहून कळवले. ती ओल अकरा वर्षे वाळली नाही. गावकऱ्यांना यातली गोम कळत नव्हती असे नाही. पण मास्तर गणित चांगले शिकवतो, भांडत नाही आणि खोलीला कुलूप लावून ठेवतो, यावर त्यांनी भागवून घेतले. दोन घरांनी मुले काढून घेतली. त्यांतले एक वर्षाने परत आले.

ठमाबाईला मोहने कधी आवडले नाही. नदीचा गारठा तिच्या गुडघ्यांना सोसत नसे, आणि कल्याणातली भाजीची पेठ ती शेवटपर्यंत विसरली नाही. एकदा, तिकडे जाऊन सातआठ वर्षे झाली असतील, दुपारच्या जेवणाला बसताना तिने अचानक विचारले, “खरं सांगा. तुमचं तेव्हा चुकलं का बरोबर होतं?”

विश्रामने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “गाडगं उतरवलं ते बरोबर,” तो म्हणाला. “तीन दिवस टांगू दिलं ते चुकलं. फळाही गेला, त्याचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. तो राहायला हवा होता. तो कसा राखायचा, ते मला त्या खोलीत सुचलं नाही.”

“आता सुचतंय?”

“नाही,” तो म्हणाला.

ठमाबाईने त्याच्या ताटात आमटी वाढली, आणि गार होण्याआधी जेवा म्हणाली.